काटा काय म्हणतोय?

शहापूर-मुरबाड पट्ट्यात गाडीत पुढची सीट मिळते ती वयामुळे, नाहीतर पोटामुळे. भाऊंना ती काट्यामुळे मिळते. भाऊ म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. ते खर्डीला आहेत, किन्हवलीला आहेत; टोकावड्याला तर दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

गाडी मेव्हण्याची असो की भाड्याची, बसल्यावर भाऊ सीटचा पट्टा लावायच्या आधी चष्मा लावतात. मग भगताने तांदळाचे दाणे बघावेत तसा डॅशबोर्ड बघतात. "काटा काय म्हणतोय?" हा प्रश्न ड्रायव्हरला नसतो, तो थेट काट्याला असतो.

एकदा सरळगावच्या लग्नाला निघताना चावी फिरवली आणि टेंपरेचरचा काटा एकदम लाल पट्टीत गेला. मंडळी भराभर उतरली, कुणी पाण्याची कळशी घेऊन धावलं. भाऊ जागचे हलले नाहीत. "अरे, रात्रभर उभी असलेली गाडी चावी फिरवल्याबरोबर तापते का? इंजिनला हात लावून बघ." मग बोनेट उघडून त्यांनी सेन्सरची वायर काढली. काटा मुकाट तळाला. वायर सोलली होती आणि बॉडीला लागत होती. "इंजिन ठणठणीत आहे. निरोप्या खोटारडा आहे."

इथे गाडी सुटायला हवी होती. पण भाऊंनी वायर बॉडीला टेकवून काटा चढवला, काढून उतरवला, पुन्हा चढवला. नवरदेवाच्या मामालाही एकदा करून बघायला लावलं. तिकडे अक्षता पडल्या तेव्हा आम्ही किन्हवलीत होतो.

दोन काटे एकदम चढले की भाऊंना विशेष आनंद होतो. "इंजिन तापेल एक वेळ, पण टाकी आपोआप भरते का? अर्थिंग बघ!" बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ टेंपरेचर चढलं, तर इंजिनचा पट्टा तुटला. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र चर्चा नाही; गाडी बाजूला, इंजिन बंद. त्या वेळी भाऊ विनोदसुद्धा करत नाहीत. आणि डिझेलचा काटा घाटात वाचायचा नाही, कारण टाकी कलते, आतला फ्लोटही कलतो. कसारा घाटातला आकडा ते खर्डीच्या सपाटीवर येईपर्यंत मानतच नाहीत.

त्यांची कीर्ती मात्र माळशेजची. एप्रिलचं ऊन, भरलेली गाडी, चढ. वर वर सरकणारा काटा एकाएकी खाली आला. ड्रायव्हर खूश, "बघा भाऊ, वारा लागला, गार झाली!" भाऊ ओरडले, "थांबव! चढाला गाडी कधी गार होते?" होज फाटून पाणी गेलं होतं. सेन्सर कोरडा पडलेला. पाण्याची उष्णता सांगणाऱ्याला पाणीच उरलं नव्हतं, म्हणून तो थंडी सांगत होता. आणखी दोन वळणं गेली असती तर इंजिनचं हेड गेलं असतं. इंजिन निवेपर्यंत भाऊंनी रेडिएटरच्या झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही. ही गोष्ट ते दर लग्नसराईत सांगतात आणि दर वर्षी घाट थोडा लांबतो.

अलीकडे दिवस वाईट आहेत. बऱ्याच नव्या गाड्यांत टेंपरेचरचा काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन गार, लाल म्हणजे कारभार आटोपला. "मधलं आयुष्य कुठं गेलं?" असं भाऊ खरंच विचारतात. त्यात ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा उघडला. कसाऱ्याचा चढ टाळून गाड्या बोगद्यातून जाऊ लागल्या. भाऊंना ही सरकारी योजना आपल्याविरुद्ध वाटते.

त्यांच्या स्वतःच्या जीपचा एकही काटा चालत नाही. विचारलं तर म्हणतात, "डिझेल वहीत लिहितो, इंजिन कानाने ऐकतो. काट्याची गरज काय?" वहिनी आतून म्हणतात, "दुखणं त्यांना दुसऱ्याच्याच गाडीचं दिसतं."

माळशेज चढायचा असेल, तर भाऊंना जरूर बरोबर घ्या. लग्नाला निघाला असाल, तर त्यांची सोय दुसऱ्या गाडीत करा.