मेमरी प्रोटेक्ट

हैदराबादेत नारायणगुड्यातल्या एखाद्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे यामाहाचा डीएक्स-७ अजून असलाच, तर त्याच्यावर झूल असते, दसऱ्याला झेंडूचा हारही पडतो. बॅटरी मात्र कुणी बदललेली नसते.

१९८३ साली आलेल्या या सिंथेसायझरच्या पोटात ३२ आवाजांची जागा. वीज बंद झाली की त्यांचा सांभाळ ३ व्होल्टचा एक लिथियम सेल करतो: सीआर २०३२, गाडीच्या रिमोटमध्ये असतो तसाच. तो वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून तो आहे हेच मालक विसरतो. वाद्याला विचारलं तर ते बॅटरीचे व्होल्ट पडद्यावर दाखवतं. पण विचारतो कोण!

मग लग्नाच्या रिसेप्शनला सनईऐवजी भलताच चीत्कार निघतो आणि धावाधाव होते. कोठीच्या गुजराती गल्लीत सेल स्वस्तात मिळतो, पण या वाद्यात तो खटकन बसवायचा नसतो. पत्र्याच्या पायांनी बोर्डाला सोल्डर केलेला असतो. उत्साही भाचा नव्या सेलवरच तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकवतो. असा सेल फुटूही शकतो, हे त्याला कोण सांगणार? पाय असलेला सेल आणावा किंवा होल्डर बसवावा, इतकं साधं काम.

जुना सेल काढण्याआधी आवाज मिडीवरून संगणकात उतरवायचे असतात. ते राहून जातं. मग कार्ट्रिज शोधून आवाज परत भरायला जावं, तर वाद्य नकार देतं: ‘मेमरी प्रोटेक्ट’ चालू आहे. सेल मरताना मात्र हे संरक्षण गप्प बसलेलं असतं.