थोडी ढील

आगगाडी म्हटली की लोकांना इंजिन आठवतं, फार तर गार्डाची हिरवी झेंडी. दोन डब्यांच्या मधलं ते काळंकुळकुळीत, ग्रीसनं माखलेलं, वाकल्याशिवाय न दिसणारं लोखंड कुणाच्या ध्यानीमनी नसतं. ते तुटलं, की ‘कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे’ अशी बातमी येते आणि त्या एका दिवसापुरतं बिचाऱ्याचं नाव होतं. कमलनगरात मात्र एक घर असं आहे, जिथे सध्या कपलिंगखेरीज दुसरा विषय निघत नाही. आणि ज्या गाडीवरून हे सगळं चाललंय तिचा डबा आहे जेमतेम हातभर लांबीचा.

घर अप्पांचं. अप्पांची उभी हयात विकाराबाद–परळी मार्गावर शंटिंगमध्ये गेली. भालकी, कमलनगर, उदगीर, लातूर रोड ही नावं ते जपमाळ ओढावी तशी म्हणतात. जावई जर्मनीत. नातवाच्या निमित्तानं त्यानं तिथली बागेत चालवायची गाडी पाठवली. न्यूरेंबर्गच्या एका खेळणी कारखान्यानं 1968 साली काढलेली ही जात; अस्सल गाडीच्या साधारण साडेबावीसपट लहान, रुळांमधलं अंतर 45 मिलिमीटर. पुण्यात कोथरूडला जोश्यांच्या संग्रहालयात काचेपलीकडे धावतात त्या गाड्या हिच्यापुढे अगदीच नाजूक. ही ऊन-पाऊस सोसते. सोसत नाही ती फक्त अप्पांच्या अंगणातली शहाबादी फरशी.

त्याचं असं आहे, की शहाबादी फरशी दिसते सपाट, पण जुन्या घरातली प्रत्येक फरशी आपापल्या मतानं वर-खाली झालेली असते. सांध्यावर रूळ किंचित उचलला जातो, पुढचा डबा वर येतो, मागचा अजून खालीच असतो. आणि लग्नात गळाभेटीला आलेल्या दोन व्याह्यांचे हात जसे एकमेकांना चुकवून जातात, तसा एकाचा हुक दुसऱ्याच्या कडीतून अलगद निसटतो. कुठे ओढाताण नाही, आवाज नाही. इंजिन आपल्याच तोऱ्यात तुळशीला वळसा घालून जातं आणि चार डबे न्हाणीपाशी उभे राहतात. नातू टाळ्या पिटतो, कारण त्याच्या मते हाच खेळ आहे. अप्पांना मात्र आपल्या ड्युटीत गाडी फुटल्यासारखं वाटतं.

एका दुपारी गेलो, तर अप्पा अंगणात पालथे पडलेले. चष्मा कपाळावर, एक डोळा मिटलेला, गाल फरशीला टेकलेला. ‘बसा. उंची बघालोय,’ म्हणाले. खऱ्या रेल्वेत रुळाच्या माथ्यापासून बफरच्या मध्यापर्यंतची उंची रिकाम्या डब्याला जास्तीत जास्त 1105 मिलिमीटर, आणि भरलेली वाघीण दबली तरी 1030च्या खाली जाता कामा नये. अप्पांना हे आकडे घरच्या जन्मतारखांपेक्षा पक्के पाठ आहेत. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी एक मापपट्टी केली होती. ती रुळावर उभी करायची, डबा ढकलत आणायचा, कडी खाचेत बसली तर पास. नापास डबे भिंतीशी रांगेनं उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे मान खाली घालून.

उंची जमली. मग कळलं, की कारखान्यातून हुक येतो डब्याच्या एकाच टोकाला; दुसऱ्या टोकाला नुसती कडी. अप्पांनी जावयाकडून जादा हुक मागवून दोन्ही टोकांना बसवले. सुटणं थांबलं, पण वळणावर मधले रिकामे डबे आतल्या बाजूला कलंडू लागले. त्यावर अप्पांचा तोडगा रेल्वेइतकाच जुना: वजन पुढे, रिकामे मागे. त्यांनी नटबोल्ट काढले, तर आजींनी सुपातली तूरच वाघिणीत ओतली. कलबुर्गीची तूर, तिला जीआय मानांकनसुद्धा आहे. मालगाडी डोलत निघाली आणि तुळशीपाशी न थबकता फिरली. डाळीला तूर कमी पडली, त्याची चर्चा संध्याकाळी वेगळी झाली.

एकच गोष्ट राहिली. नातवाच्या मामानं पुण्याहून येऊन जोड घट्ट करायचा म्हणून कड्यांना बारीक तार गुंडाळली. अप्पांनी ती शांतपणे सोडवली. ‘ढील पायजे,’ म्हणाले. मालगाडी निघताना खण्ण, खण्ण, खण्ण असा आवाज शेपटापर्यंत पळत जातो, तो त्या ढिलीचाच. इंजिन सगळा भार एकदम उचलत नाही. एक वाघीण हलते, मग दुसरी, मग तिसरी. जोड अगदी ताठ असता तर पहिल्या वळणालाच डब्यांनी रूळ सोडले असते. उलट ढील जास्त झाली, तर चहा अंगावर सांडतो. एलएचबी या नव्या धाटणीच्या प्रवासी डब्यांच्या धक्क्यांनी प्रवाशांनी किती बोटं मोडली, आणि ते मऊ करायला रेल्वेला किती खटपट करावी लागली! किती ढील बरोबर, हे अप्पा कडी बोटानं हलवून सांगतात.

त्या बोटांकडे माझं लक्ष सारखं जातं. जुनं स्क्रू कपलिंग जोडायचं म्हणजे दोन डब्यांच्या मध्ये बफरांखालून वाकून शिरायचं, जड कडी उचलून हुकात टाकायची आणि दांडा फिरवत आवळायचं. अमेरिकेत त्याहून वाईट होतं. तिथे कडी आणि खिळ्याचा जोड होता, आणि बोटं गमावलेले कामगार प्रत्येक यार्डात असत. इलाय जॅनी नावाच्या, दुकानात कारकुनी केलेल्या गृहस्थानं 1873 साली आपोआप अडकणाऱ्या कपलिंगचं पेटंट घेतलं. आकार, दोन हातांची वाकवलेली बोटं एकमेकांत अडकवावी तसा. 1893 साली तिथे कायदाच झाला, की डबे जोडायला माणूस मध्ये शिरता कामा नये. आपल्या वाघिणींना आज जे सीबीसी, म्हणजे सेंटर बफर कपलर असतं, ते त्याच कुळातलं. अप्पांची दहाही बोटं शाबूत आहेत. डाव्या अंगठ्याचं नख तेवढं आडवं वाढतं. त्याबद्दल विचारलं की ते नातवाला हाक मारतात.

कमलनगरही एक जोडच, असं लिहायचा मोह मला झाला होता. 1956 साली जुन्या बीदर जिल्ह्यातलं उदगीर तिकडे, आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेलं, आपण इकडे, आजच्या कर्नाटकात राहिलो, आणि मधून गाडी तेवढी जात राहिली. अप्पांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, ‘तुम्ही लिवणारे लोक. गाडी कुठं जायलीय ते बगा आधी.’ गाडी खरोखरच न्हाणीत चालली होती.

परवा मामानं मोबाईलवर अमेरिकेतल्या केडी कंपनीचं कपलिंग दाखवलं. कीथ आणि डेल या दोन भावांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं हे नाव. कपलिंग दिसायला हुबेहूब जॅनीच्या वळणाचं. रुळात चुंबक बसवायचं, त्यावर डबा थांबवायचा, की जोड आपसूक सुटतो. हात लावायची गरजच नाही. ‘अप्पा, तुम्ही खुर्चीत बसायचं, बटन दाबायचं. सगळं शंटिंग बसल्या जागी!’

अप्पांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. बोटांनी मोठं करून नकलचा, म्हणजे त्या वाकवलेल्या बोटाचा, कोन पाहिला, मान डोलावली, काम चोख आहे म्हणाले. मग मोबाईल परत देऊन गुडघ्यावर हात टेकत अंगणात उतरले.

‘चांगलं हाय. पण मग मी काय करू?’