पाटी रंगवावी कशी? (केळवे पद्धत, खास नवशिक्यांसाठी)

नवा पत्रा आणू नये. तेलाच्या डब्याचा जुना पत्रा ठोकून सपाट करावा; समुद्राची हवा शेवटी दोन्ही खातेच. खडूने माखलेला दोरा ताणून धरावा, मधोमध टिचकी मारावी, ओळ उमटते. तिच्यात अक्षरे किती मावतील हे मात्र मोजू नये. आमच्या पेंटरकाकांनी जन्मात मोजली नाहीत. 'घरगुती जेवण' ऐसपैस मांडी घालून बसे आणि 'मिळेल' कोपऱ्यात अंग चोरून उभे राही.

मजुरी अक्षरावर ठरवावी. काना-मात्रा फुकट, जोडाक्षराला दीडपट. त्यामुळे गिऱ्हाईकच शब्द छाटते आणि भाषा आपोआप खणखणीत होते. वाडीच्या फाटकावरचा त्यांचा नमुना पाठच करावा : 'नारळ डोक्यात पडल्यास मालक जबाबदार नाही. नारळ मालकाचा.' काकांना यात विनोद दिसत नसे. रविवारी मुंबईहून आलेली मंडळी पडलेले नारळ डिकीत घालून नेतात, ही वाडीवाल्याची तक्रार त्यांनी ऐकून घेतली आणि दोन वाक्यांत निकालात काढली, इतकेच. राहण्याच्या सोयीसाठी : 'रूम फक्त फॅमिलीला. फॅमिली स्वतःची आणावी.' केळवे रोड स्टेशनापासून किनारा सात-आठ किलोमीटर. त्यासाठी : 'बीच जवळच. रिक्षा करावी.'

पत्ता घालताना रंग पातळ ठेवावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा काकांनी आपल्या सगळ्या पाट्यांवरच्या 'जि. ठाणे'वर पांढरा हात मारून 'जि. पालघर' केले. पैसे घेतले नाहीत, म्हणून हातही एकच दिला. दोन पावसाळ्यांत खालचे ठाणे वर डोकावू लागले. सरकारने वेगळे केलेले जिल्हे काकांच्या पत्र्यावर पुन्हा एकत्र नांदू लागले.

आता फ्लेक्स आले. छपाई सुबक, शुद्धलेखन बरे, वर वाढदिवसवाल्यांचे हसरे चेहरे. काका गेले तेव्हा श्रद्धांजलीचा फलकही फ्लेक्सचाच लागला. सगळी अक्षरे एका मापाची, आडनावसुद्धा बिनचूक. थांबून कोणी वाचला नाही.

शीतलादेवीच्या देवळाकडून सुरूच्या बागेकडे जाताना वाड्यांच्या कुंपणांवर त्यांच्या दोन-चार पाट्या अजून तग धरून आहेत. फोटो खुशाल काढा. नारळाला हात लावू नका.