आजीचं मेतकूट

माझ्या आजीचं मेतकूट कडू व्हायचं. हे मी इथे एकदाच सांगतो, कारण आमच्या धंद्याच्या दृष्टीने ही बातमी बाहेर फुटणं बरं नाही. ती मेथी सढळ हाताने घालायची आणि भाजायची ती काळी होईपर्यंत. आम्हा भावंडांपैकी कुणाला ताप आला की मऊभात, त्यावर तूप आणि त्यावर हे मेतकूट. दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असायचा. आजी त्याचं श्रेय मेतकुटाला द्यायची आणि ते योग्यच होतं. आणखी एक दिवस हेच खावं लागेल या धास्तीनेच अंग गार पडायचं.

आज आमचं मेतकूट ज्या पाकिटातून जातं, त्या पाकिटावर आजी आहे. आमची नव्हे, एक आजी. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि तोंडभर हसू. आमच्या आजीने नथ आयुष्यात दोनदा घातली आणि दोन्ही वेळा टोचते म्हणून अर्ध्या कार्यातून काढून ठेवली. हसण्याबद्दल म्हणाल, तर तिला हसताना पाहिल्याचं घरात कुणालाच आठवत नाही. पण पाकिटावर ती हसते आणि तिच्याखाली लिहिलंय, 'आजीच्या हातची चव'.

हात माझा आहे.

झालं असं, की एका सहकारी बँकेत पस्तीस वर्षं खतावण्या जुळवून मी निवृत्त झालो. पहिले दोन महिने मी घराचं ऑडिट केलं. साखरेच्या डब्यात आवक-जावक जुळत नव्हती, दुधाच्या हिशेबात चार रुपयांची तफावत होती, आणि कढीपत्त्याचा तर काही धरबंधच नव्हता. बायकोने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही बँकेत होतात तेव्हा दोन्हीकडे बरं चाललं होतं."

तिसऱ्या महिन्यात तिचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी 'फ्रोझन शोल्डर' म्हणून सांगितलं आणि भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम दिला. नेमकं त्याच आठवड्यात पुण्याच्या मुलाला मेतकूट पाठवायचं होतं. "तेवढं जरा परतून द्या," ती म्हणाली. "मी इथे बसून सांगते. फक्त करपवू नका."

मेतकूट म्हणजे डाळीचं पीठ, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. प्रत्यक्षात ती एक अख्खी शाखा असते. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, धणे, जिरे, मोहरी, मेथी. वर हळद, हिंग, सुंठ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची गती वेगळी. हरभरा डाळ सरकारी खात्यासारखी. बराच वेळ काही घडत नाही आणि मग एकदम सगळं घडून गेलेलं असतं. मोहरी दोन मिनिटांत थयथयाट करते. मेथी मात्र फसवी. तांबूस झाली की खमंग, आणि तुम्ही दार उघडून दूधवाल्याला पैसे देऊन आलात की आजी.

अडचण होती ती बायकोच्या वहीची. त्यात लिहिलं होतं: डाळ दोन वाट्या, मेथी बेताने, हिंग अंदाजे. पस्तीस वर्षांत 'अंदाजे' हा शब्द मी एकाही व्हाउचरवर पाहिला नव्हता. मी ओळखीच्या सराफाकडून जुना काटा आणला आणि बायकोला त्यावर हिंगाची चिमूट टाकायला सांगितली. अशा दहा चिमटी घेतल्या, सरासरी काढली, वहीत तांबड्या शाईने नोंदवली. ती डाव्या हाताने कपाळ धरून बसली होती. तो खांद्याच्या व्यायामाचा भाग नव्हता.

पण मेतकूट साधलं, चांगलंच साधलं. मुलाचा फोन आला, "आई, या वेळचं बेस्ट झालंय." आईने 'हो का' म्हणून विषय बदलला. शेजारच्या काकूंनी वाटीभर नेलं, मग त्यांच्या बहिणीने डबाभर, मग गिरणीवाल्यानेच दळता दळता अर्धा किलो मागून घेतलं. हा माणूस रोज साऱ्या गावाची पिठं हुंगतो. त्याने मागणं म्हणजे आमच्याकडे रिझर्व्ह बँकेने खातं उघडण्यासारखं होतं.

दिवाळीत भाची आली. ती पुण्यात 'ब्रँड' या विषयात काहीतरी करते. काय करते ते तिच्या आईलाही नीट सांगता येत नाही, पण पगार चांगला असल्याने कुणी खोलात जात नाही. तिने फराळाबरोबर मेतकूट-भात खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मामा, याची स्टोरी काय?"

"कशाची?"

"मेतकुटाची. लोक प्रॉडक्ट विकत घेत नाहीत, स्टोरी घेतात."

"मग मेतकूट कशाला घालायचं? पाव किलो स्टोरीच भरून देऊ. दळणाचे पैसे वाचतील."

ती हसली नाही. लॅपटॉप उघडला. "तुमचा 'व्हाय' काय? म्हणजे हे तुम्ही का सुरू केलंत?"

"हिचा खांदा."

"पॅशन कुठून आली?"

"आली नाही. परता म्हणाली, परतलं."

अशी बरीच प्रश्नोत्तरं झाली. माझी उत्तरं ऐकताना तिचा चेहरा आमच्या बँकेत कर्ज मागायला आलेल्या आणि तारण नसलेल्या माणसासारखा होत गेला. मला वाईट वाटलं. एवढी शिकलेली मुलगी, आणि मामाच्या आयुष्यात तिला लिहिण्याजोगी एक ओळ सापडू नये!

मग मी तिला आमच्याच जिल्ह्यात कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिगत सांगितली. लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं, की त्यांना रंगच नीट ओळखता येत नाहीत. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, मास्तर झाले, बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, आणि चाळिशीत, १९१० साली, औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवायला घेतली. त्यांनी केलेला लोखंडी नांगर त्याआधी दोन वर्षं कुणी विकत घेतला नव्हता. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

भाचीचे डोळे चमकले. "काय ओरिजिन स्टोरी आहे! रंग न दिसणारा चित्रकार!"

"पण त्यांनी ती नांगरावर छापली नाही," मी म्हणालो.

हे मी जरा घाईत बोललो. कारण पुढचं मलाच आठवलं. १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते मुळात कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर लोकांपर्यंत पोचवायला. त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि पाठोपाठ 'स्त्री', 'मनोहर'. नांगराची जाहिरात करायला निघालेल्या माणसाने मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना वाचायला लावलं. म्हणजे काकांनी नांगर केला आणि पुतण्याने गोष्ट सांगितली. मी समोर बसलेल्या भाचीकडे पाहिलं आणि गप्प झालो. आपलाच दाखला आपल्यावर उलटला की माणसाने पाणी प्यावं. मी प्यालो.

तिने लगेच लिज्जत पापड काढला. गिरगावातल्या इमारतीची गच्ची, सात बायका, ऐंशी रुपये उसने, १५ मार्च १९५९, पहिल्या दिवशी चार पाकिटं. हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. "बघा मामा, स्टोरी!"

"त्यांनी आधी पापड लाटले," मी म्हणालो.

"आणि लोकांच्या लक्षात कोण राहिला? ससा!"

हे खरं होतं. 'कर्रम कुर्रम' म्हणणारा तो ससा माझ्याही डोक्यात पक्का बसलाय. सशाचा पापडाशी काय संबंध, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही. तो रामदास पाध्यांचा बोलका बाहुला होता; पापड लाटत होत्या बायका, बोलत होते पाध्ये, आणि नाव झालं सशाचं. त्या वेळी मी हा मुद्दा हसण्यावारी नेला. पुढे तो माझ्याच अंगाशी येणार होता.

तिने तिथल्या तिथे मजकूर लिहिला. 'सांगलीतल्या एका जुन्या वाड्यात, पहाटेच्या धुक्यात, आजीच्या चुलीवर मंद आचेवर...' मी हरकती नोंदवल्या. आम्ही वाड्यात नव्हे, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात होतो. चूल नव्हती, रॉकेलचा स्टोव्ह होता. धुक्याबद्दल मात्र हरकत नाही, स्टोव्ह पेटवताना दहा मिनिटं कुणाला कुणी दिसत नसे.

"खरं लिहूया ना," मी म्हणालो. "निवृत्त लेखापाल स्वतः वजन करून भाजतो. विश्वास वाटेल."

"मामा, मिशीवाला माणूस मेतकूट विकू शकत नाही."

"का? एमडीएच मसाल्याचे आजोबा? एवढी पांढरी मिशी!"

"ते फाळणीत सियालकोटहून आले. दिल्लीत टांगा हाकला. शिवाय त्यांच्याकडे पगडी होती. तुमच्याकडे काय आहे?"

मी विचार केला. माझ्याकडे भविष्य निर्वाह निधी होता आणि माकडटोपी.

"मला आजीचं पटतंय," बायको म्हणाली. इतका वेळ ती चकल्या मोजून डब्यात भरत होती. त्या दोघींचं मेतकूट तिथेच जमलं आणि माझं पाकिटावरून हद्दपार झालं. मी शेवटचा प्रयत्न म्हणून सुचवलं, की मग काहीच लिहू नये. पुण्याच्या पाट्यांवर 'आमची कोठेही शाखा नाही' असे चार शब्द असतात. त्यात घराणं, गर्व, गिऱ्हाईकाबद्दलची बेफिकिरी, सगळं येतं. भाची म्हणाली, "ती लाइन घेतलेली आहे, मामा. सगळ्यांनीच."

पाकीट छापायला गेलं तेव्हा मला एक शोध लागला. पाकिटावर खरं बोलायची जागा सरकारने नेमून दिलेली आहे. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, घटक पदार्थ, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, शाकाहाराचा हिरवा ठिपका, बांधणीची तारीख, तक्रारीसाठी फोन. या भागात अवाक्षर इकडचं तिकडे करता येत नाही. तो सगळा मजकूर मी लिहिला आणि तो मुंगीएवढ्या अक्षरांत मागच्या बाजूला गेला. पुढची मोकळी जागा आजीला मिळाली. चौदा आकडे मी चार वेळा ताडून पाहिले. आजीला कुणी ताडून पाहिलं नाही.

आणि खपलं. पहिल्या महिन्यात जेवढं भाजलं तेवढं संपलं, दुसऱ्या महिन्यात कढई बदलली. माझा दिवस आता सकाळी सहाला हरभऱ्याच्या डाळीने सुरू होतो. बँकेत मी उशिरा पोचण्याबद्दल प्रसिद्ध होतो. घरातल्या साखरेच्या डब्यात काय आवक-जावक चालते, याचा मला पत्ता नाही.

एकदा मी बायकोला म्हटलं, "खांदा सुटला की तुझं खातं तू परत घे."

"खांदा ना?" ती म्हणाली. "तो कधीच सुटला. गेल्या संक्रांतीला."

तेव्हा पुढची दिवाळी आली होती. नऊ-दहा महिने ही बाई एक हात उशीवर ठेवून 'जरा मंद करा आच' असं सांगत होती! मी चौकशी लावल्यावर कळलं, की मी डाळ पाखडत असतो त्या वेळात, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ती मिरजेला पेटी शिकायला जाते. 'भिशीला' म्हणून जात होती. भूप वाजवता येतो तिला आता. पेटीही घेतलीय, हप्त्याने, मेतकुटाच्या पैशांतून. वहीत तो खर्च 'किरकोळ' म्हणून मीच लिहिला होता.

आता त्या फोनचं. तक्रारीसाठी म्हणून जो नंबर छापणं भाग असतं, तो माझा. तक्रारी येत नाहीत. लोक आजींना मागतात. "आजींना नमस्कार सांगा." "आजींच्या हाताला गुण आहे." "जरा आजींना देता का, दोन मिनिटं?" सुरुवातीला मी 'देवळात गेल्यात' म्हणायचो. मग 'झोपल्यात'. एका बाईंनी दिवसात तीनदा फोन केला तेव्हा आजींना मौनाचं व्रत धरावं लागलं.

परवा दुपारी जर्मनीहून फोन. नवीन लग्न झालेली मुलगी, आवाज रडवेला. नवऱ्याला ताप होता. आमचं पाकीट संपलेलं, तिने घरीच करून पाहिलं होतं, आणि कडू झालं होतं.

"मेथी कधी घातलीस?" मी विचारलं.

"सगळ्याबरोबरच, काका."

मला राहवलं नाही. तिला म्हटलं, मेथी शेवटी घे, कढई उतरव आणि तिच्याच तापावर परत. तुझी ती विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते, तर कढई बाजूला घे. रंग मधासारखा झाला की लगेच ताटात काढ, कढईत ठेवू नकोस, ती आतल्या आत जळत राहते. हिंग किती, ते मिलिग्रॅमपर्यंत सांगितलं. डाळी पुन्हा कशा घ्यायच्या, मिक्सर थांबवून थांबवून कसा फिरवायचा, भात किती मऊ हवा, सगळं. पंचवीस मिनिटं झाली असतील. ती लिहून घेत होती; मध्ये मध्ये नाक ओढल्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

"काका, तुम्हाला एवढं कसं हो माहीत?" ती म्हणाली. "एकदा आजींना द्या ना प्लीज. मला फक्त थँक्यू म्हणायचंय."

आतल्या खोलीत पेटीचा भाता थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली, उजवा हात चौकटीवर चांगला वर ठेवून. कढईत उडदाची डाळ रंगावर आली होती.

मी घसा साफ केला.

"बोल बाळ," म्हटलं, "आजीच बोलतोय."