फक्त चहा

ओळखीचे एक काका मधुमेहाच्या कुठल्याशा संशोधनात 'सहभागी' झाले. हा शब्द ते पद्मश्रीच्या चालीवर उच्चारतात. संमतिपत्र त्यांनी लाल पेनानं तपासलं, शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि मगच सही केली.

तपासणीच्या सकाळी नर्सबाईंनी विचारलं, "काका, उपाशीपोटी आहात ना?"

"अगदी! फक्त चहा."

"बिनसाखरेचा?"

"त्याला मी चहा म्हणत नाही."

पुढची तारीख. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तास जागचं हलायचं नाही. रिकामं काय बसायचं, म्हणून काका चार मजले चढून-उतरून आले. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे हाती आलेला आकडा काकांचा कमी आणि जिन्याचा जास्त.

यापेक्षा अवघड सूचना पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांनी पाळल्या आहेत. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तिथं १९९३ साली 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केला. दर महिन्याला अभ्यासाच्या माणसांनी घरी येऊन पाळीची तारीख विचारायची, दिवस गेलेले नसतानाही! इतकी नियमित चौकशी सासूही करत नसेल. पण तारीख पक्की ठाऊक, म्हणूनच बाळ लवकर जन्मलं म्हणून लहान, की दिवस भरूनही लहान, हे सांगता आलं. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडात साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपल्या बाळाच्या अंगावर मांस कमी, चरबी मात्र त्यानं राखून ठेवलेली. बारीक दिसणाऱ्या भारतीयांना मधुमेह का गाठतो, याचा एक धागा जगाला या बायकांमुळे मिळाला. शेतातली कामं सांभाळून.

काकांना वेळच वेळ. तिसऱ्या खेपेआधी त्यांनी तीन दिवस भात-पोळी सोडली. परीक्षा म्हटली की पहिला नंबर! सूचना नेमकी उलटी होती: तीन दिवस नेहमीसारखं जेवा, रोज निदान १५० ग्रॅम पिष्टमय घटक पोटात जाऊ द्या. सवय मोडली की शरीर एकदम आलेल्या साखरेपुढे गांगरतं आणि दोन तासांनंतरचा आकडा चढतो. काकांचा चढला.

"हे आधी सांगायला नको?"

नर्सबाईंनी संमतिपत्राचं दुसरं पान पुढं केलं. सूचना छापलेली होती. 'पिश्टमय'मधला श खोडून काकांनी तिथं लाल पेनानं पोटफोड्या ष काढला होता.