तान्ह्या पोळ्याची सहल : नागपुरी कुटुंबांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

पिठोरी अमावास्येला, म्हणजे श्रावणाच्या अखेरच्या दिवशी, खऱ्या बैलांचा पोळा पार पडला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपुरात लहान मुलांचा तान्हा पोळा भरतो. त्यातील बैल लाकडाचा असतो, त्याच्या पायांखाली चाके असतात आणि तो ओढण्याचा मान परंपरेने मुलांकडे असतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींच्या काळी (१७८८ ते १८१६) ही प्रथा सुरू झाली, असे मानले जाते. मूल थकल्यावर बैल कोणी ओढावा आणि बैल थकल्यावर मूल कोणी उचलावे, याविषयी मात्र परंपरा मौन बाळगते, आणि प्रस्तुत मार्गदर्शनाची गरज त्या मौनातूनच उद्भवली आहे.

सहलीचे यशापयश बैलाच्या खरेदीतच ठरत असल्याने त्या विषयास येथे सर्वाधिक जागा दिली आहे. सणाच्या आधी महाल, इतवारी आदी भागांत रस्त्याच्या कडेला तळहातावर मावणाऱ्या बैलापासून मुलाला पाठीवर बसवू शकेल अशा बैलापर्यंत सर्व आकार मांडलेले असतात, आणि मूल जितके लहान तितका मोठा बैल त्याला हवा असतो, हा या शास्त्राचा पहिला नियम होय. दुसरा नियम विक्रेत्यास पालकांहून अधिक चांगला ठाऊक असतो : किंमत सांगण्यापूर्वी तो दोर मुलाच्या हाती देतो, आणि दोर एकदा हाती गेला की घासाघीस हा केवळ उपचार उरतो. यावर उपाय म्हणून मुलाला घरी ठेवून बैल आणण्याचा प्रयोग काही कुटुंबांनी करून पाहिला आहे. परंतु असा बैल कितीही देखणा असला तरी त्याची शिंगे शेजारच्या मुलाच्या बैलाच्या शिंगांहून आखूड निघतात आणि पालकांना त्याच संध्याकाळी पुन्हा बाजार गाठावा लागतो. जाणत्यांनी झूल, घुंगरमाळ आणि माठोटी (बैलाच्या कपाळावर बांधण्याचे शोभेचे आभूषण) यांवर भुलून न जाता बैल उलटा करून चाकांचे खिळे तपासावेत, कारण मिरवणुकीत बैल अडतो तो चाकाशी, झुलीशी नव्हे. दोर मुलाच्या उंचीला बेताचा असावा. तो आखूड असल्यास मूल वाकून चालते, आणि फार लांब असल्यास बैल मागच्या मागे दुसऱ्याच कुटुंबाबरोबर निघून जातो.

त्याच दिवशी सकाळी मारबतीची मिरवणूक असते. मारबत म्हणजे रोगराई व अनिष्ट गोष्टी गावाबाहेर घालवण्यासाठी मिरवून नेऊन जाळला जाणारा स्त्रीरूपी पुतळा. पिवळी मारबत १८८५ पासून निघते, काळी त्याहूनही जुनी आहे, आणि दोघींची भेट पाहण्यास जी गर्दी लोटते तीत मुलाला खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर नसते. या व्यवस्थेत सर्व दृश्य मुलास आणि सर्व वजन वडिलांस मिळते. सोबत निघणारे बडगे, म्हणजे चालू घडामोडींवर टीका करणारे पुरुषरूपी पुतळे, विशेष काळजीने पाहावेत. कारण हा कोण आणि त्याने काय केले, असे खांद्यावरून विचारले गेल्यास महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंतचे अर्थशास्त्र पिपाण्यांच्या गजरात ओरडून समजावावे लागते. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी मुलांना आपोआप येते, परंतु काय घेऊन जावे याची यादी ती स्वतःच करतात. गणिताच्या पुस्तकापर्यंत आक्षेप घेऊ नये, त्यापुढे घरातील वडीलधाऱ्यांची नावे येऊ लागताच मुलाला तातडीने फुग्यापाशी न्यावे.

दुपारची झोप कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. ती पालकांसाठी आवश्यक आहे.

संध्याकाळी वस्तीतील तोरणाखाली बैलांची रांग लागते आणि धोतर-फेट्यातील चिमुकले शेतकरी तिच्यामागे उभे केले जातात. पाच वर्षांखालील मुलाचे धोतर परीक्षक येईपर्यंत टिकत नाही, म्हणून त्याला पट्टा बांधावा आणि तो सदऱ्याखाली लपवावा. बक्षीस नेहमी दुसऱ्याच बैलाला मिळते. अशा वेळी तोरणाजवळच्या गाडीवरील गुपचूप, म्हणजे अन्यत्र ज्यास पाणीपुरी म्हणतात ती, न्यायदानातील त्रुटी बऱ्याच अंशी भरून काढते. या दिवसांत पाऊस हमखास गाठतो, तेव्हा छत्री प्रथम बैलावर धरावी. मूल पुसून कोरडे होते, बैलाचा रंग उतरला तर मात्र रात्र जागून काढावी लागते.

त्यानंतर मुले बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे बैल दाराशी आल्याबद्दल दिले जाणारे पैसे वा खाऊ, गोळा करतात. एका घरातून निघालेली नोट शेजारच्या मुलाच्या खिशातून, त्याच्या आईच्या पर्समधून, पुन्हा पहिल्या घरी येण्याचा संभव मोठा असल्याने जमाखर्चाचा अभ्यास करणाऱ्यांनी नोटांवर खूण करून पाहण्यास हरकत नाही. या व्यवहारात निव्वळ तोटा केवळ अशा घरांचा होतो ज्यांत लहान मुले नाहीत, आणि म्हणूनच त्यांतील काहींचे दिवे सात वाजताच मालवलेले आढळतात. तथापि लाकडी बैलाची फाटकावर बसणारी धडक अंधारातही स्पष्ट ऐकू येते व फाटकाचा रंग बोजाऱ्याहून महाग असतो, हे लक्षात घेता दहाच्या नोटा सुट्या करून दाराशी बसणे त्यांनाही परवडते.