बत्तीस इंची सातबारा

टीव्ही ही लांबून, पाय पसरून बघायची वस्तू. संगणक जवळून, डोळे बारीक करून. घनसावंगीला मामांकडे हे दोन स्वभाव एका वायरीने जोडले गेले. मामेभावाच्या लॅपटॉपचा पडदा फुटला, दुरुस्तीचा आकडा ऐकून त्याने एचडीएमआयची वायर आणली आणि बैठकीतला बत्तीस इंची टीव्ही संगणकाच्या कामाला जुंपला. संध्याकाळी त्यावर शेताचा सातबारा उघडला, तर चारही कडा गायब. शेजाऱ्याने नांगरता नांगरता बांध कोरावा तसा टीव्हीने कागद चहूबाजूंनी कोरलेला. मामांनी ते फार मनाला लावून घेतलं. वास्तविक ही जुनी खोड. काचेच्या नळीच्या काळात कडेचं चित्र वेडंवाकडं येई, म्हणून टीव्ही ते थोडं फुगवून कडा चौकटीआड दडवायचा. नळी गेली, खोड राहिली. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ सापडलं तेव्हा कुठे गट क्रमांक पुरता दिसला.

मग माऊस. तो हलवला की पडद्यावरचा बाण अंमळ विचार करून निघतो. आलेलं प्रत्येक चित्र टीव्ही आधी घासूनपुसून घेतो, मगच दाखवतो. मालिकेतल्या सासूबाईंच्या चेहऱ्याला ते शोभतं. कपाशीच्या नोंदीला काय करायचंय? ही रंगरंगोटी थांबवायच्या सोयीला ‘गेम मोड’ म्हणतात. म्हणजे ई-पीक पाहणी नीट झाली का ते बघायचं, तर आधी टीव्हीला सांगायचं की आम्ही खेळतोय.

तसा संगणक टीव्हीच्या ओसरीवर पूर्वीही राहून गेलेला आहे. १९८२ चा सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम घरच्या टीव्हीच्या अँटेनाच्या जागीच जोडायचा. पुढे डेसिबेल्स कंपनीने तो भारतातही विकला. आमच्याकडे मात्र तेव्हा गल्लीत एखादाच टीव्ही, आणि १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा अख्खी गल्ली त्याच्यापुढे. तेव्हापासून टीव्हीला खासगी असं काही माहीतच नाही. जांब समर्थहून मामेभावासाठी सोयरे आले त्या दिवशी सातबारा पडद्यावर तसाच राहिला होता. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, तोही पार दारातून वाचता यावा एवढ्या अक्षरात. मामी पोह्यांचा ट्रे घेऊन टीव्हीपुढे इतका वेळ उभी राहिली की पाहुण्यांनी दोनदा पोहे घेतले.

त्या मोठ्या अक्षराचा खरा उपयोग आजीला झाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही कागदावरचं तिला लागत नव्हतं; हे लागलं. एका नावापाशी तिने बोट थांबवलं.

“तुझ्या आज्याला ही दोन कुंपणं कामून घातलीत?”

“कंस आहे तो, आजी. माणूस गेला की नाव कंसात जातं.”

आजीने पदर सावरला. “जिता होता तवा एका जागी बसला न्हाई. बसला म्हणायचा एकदाचा.” बराच वेळ बघत राहिली. मग मामेभावाला म्हणाली, “आता माझं नाव कुठंय ते दाव. अन् तेवढंच मोठं कर, बारीक नको.”